पॉटलकची खरी परीक्षा: यजमान पहिल्या पंगतीत बसले का?

आजचा एपिसोड खाण्याबद्दल आहे, त्यामुळे भूक लागली असेल तर आधी काहीतरी खाऊन या. ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून ठेवतोय. बोललो तसंच लिहिलंय, तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क कापू नका.

गेल्या काही एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की तुम्ही मित्रमंडळी दर महिन्याला ते थीमवालं पॉटलक करता, ते जमवता कसं? आमचा ग्रुप दोनदा भेटून बंद पडतो. तर आज तेच सांगतो. आमचंही बंद पडणार होतं. एकदा माझ्या आईमुळे आणि एकदा एका मित्रामुळे. खरं सांगायचं तर दोन्ही वेळा माझ्यामुळेच. पुढे कळेलच.

पॉटलक म्हणजे आपली अंगतपंगतच की

पॉटलक हा इंग्रजी शब्द जुना आहे, सोळाव्या शतकातला. तेव्हा त्याचा अर्थ होता, अचानक पाहुणा आला तर भांड्यात जे असेल ते त्याच्या नशिबी. पुढे अमेरिकेत ‘प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा’ हा अर्थ रुळला.

पण आपल्याला हे नवीन आहे का? शाळेत मधल्या सुट्टीत गोल करून बसायचो, सगळ्यांचे डबे मध्ये, ती अंगतपंगत. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवसाचा गोपाळकालाही तोच. गोष्ट काय आहे त्याची? गुरं राखायला गेलेल्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि कृष्णाने सगळं एकत्र कालवलं. कुणाकडचे पोहे, कुणाकडचं दही, कुणाकडचं लोणचं. वारकऱ्यांच्या कीर्तनाची सांगताही काल्यानेच होते.

यात एक गोष्ट सहज सुटते. एकमेकांच्या घरचं खाणं आपल्या देशात कधीच ‘सहज’ नव्हतं. केरळमधल्या चेराई गावात १९१७ साली सहोदरन अय्यप्पन यांनी वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकलं. महाराष्ट्रातही सुधारकांना सहभोजनं मुद्दाम घडवून आणावी लागली. म्हणून आमच्या ग्रुपचा एक छोटा नियम आहे. डब्यावर ‘काय’ आहे ते लिहायचं, ‘कुणाचं’ आहे ते नाही. म्हणजे ‘शेंगदाणे आहेत’, ‘अंडं आहे’, ‘तिखट आहे’ हे झाकणावर मोठ्या अक्षरात. नाव मात्र डब्याच्या बुडाला चिकटपट्टीवर, फक्त डबा परत जायला. एकदा कुणाच्या तरी नातेवाईक बाईंनी भाजी वाढून घेताना विचारलं होतं, “ही कुणाकडची हो?” प्रश्न साधा वाटतो. विचारण्याचा सूर साधा नव्हता. त्यानंतर हा नियम झाला.

आमचं पहिलं पॉटलक, आणि ४० भाकऱ्या

आम्ही डोंबिवलीकर. सहा घरं, मुलं आणि आईवडील धरून १८ ते २० माणसं. पहिली थीम मीच सुचवली, ‘गावरान’. पिठलं, ठेचा, भरली वांगी, खर्डा, ताक. आमच्याच घरी ठेवलं. जोरात तयारी. कुणी पितळी ताटं आणली, कुणी फेटा बांधून आला. फोटो तर विचारू नका.

आता गावरान म्हटलं की भाकरी आली. यादीत भाकरीपुढे मी काय लिहिलं होतं? ‘होस्ट’. म्हणजे आम्ही. म्हणजे कोण? मला तर भाकरी थापता येत नाही. बायको लोकांना हवं-नको बघत होती. म्हणजे आई.

साधा हिशोब सांगतो, जो मी तेव्हा केला नव्हता. २० माणसं, प्रत्येकी दोन भाकऱ्या, झाल्या ४०. पीठ मळून, थापून, तव्यावर टाकून, फुगवून काढायला एकीला तीन मिनिटं धरा. १२० मिनिटं. दोन तास! मे महिन्यात, गॅससमोर, डोंबिवलीच्या वन बीएचकेतल्या स्वयंपाकघरात. आणि मी बाहेरून ओरडतोय, “आई, गरम दोन इकडे!”

साडेअकराला सगळे गेले. आई ओट्याशी उभ्या उभ्या जेवत होती. पिठलं संपलेलं, वांगी संपलेली. भाकरी, तेल आणि उरलेला ठेचा. मी म्हटलं, मस्त झालं ना? ती म्हणाली, “छान होतं हो तुमचं पॉटलक. पुढच्या वेळी दुसऱ्याकडे ठेवा.”

रात्री फोटो बघत बसलो. शंभरेक असतील. आई एकाच फोटोत होती, तीही अर्धी. दाराच्या चौकटीतून दिसणारा पिठाने माखलेला हात.

तेव्हा लक्षात आलं की आम्ही स्वयंपाक वाटून घेतला होता, काम नाही. पदार्थ सहा घरांतून आले, पण जे काम तिथेच आणि त्याच वेळी करावं लागतं, गरम वाढणं, तळणं, भांडी, ते सगळं एका बाईवर. याला पॉटलक म्हणायचं नाही. त्यापेक्षा सरळ जेवणाचं आमंत्रण बरं, निदान त्यात पाहुण्यांना माहीत असतं कोण राबलंय.

म्हणून आमचा नियम नंबर एक: ज्यांच्या घरी जेवण, ते पहिल्या पंगतीत बसणार. आणि हे जमवायचं असेल तर त्या दिवशी त्या घरी गॅस फक्त गरम करायला पेटेल. थापणं, लाटणं, तळणं बंद. पुरी, भजी, गरम पोळी ज्यात लागते ती थीमच घ्यायची नाही, किंवा ते बाहेरून आणायचं. पोळीभाजी केंद्रं प्रत्येक नाक्यावर आहेत, त्यात कसला कमीपणा?

भाकरीवर उपाय काढला आमच्यातल्या सोलापूरच्या मैत्रिणीने. कडक भाकरी! ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत, कितीतरी दिवस टिकते. आमटीत कुस्करा, शेंगाचटणीशी खा. पिशवी उघडली की झालं. आई म्हणाली, हे आधी का नाही सुचलं?

थीम कशाला हवी?

थीम नसेल तर काय होतं सांगू? चार गुलाबजाम, तीन पनीर आणि एकही कोशिंबीर नाही. थीममुळे निवड सोपी होते, एवढाच तिचा उपयोग. ती सजावटीसाठी नाही. ‘इटालियन नाइट’, ‘मेक्सिकन नाइट’ आम्हीही करून पाहिलं. दोनदा मजा आली, पण आईबाबांच्या पिढीतले लोक कोपऱ्यात बसून राहिले. मग ठरवलं, आपलं कॅलेंडर आहे ना. बाजारात जे येतं तीच थीम. ताजं असतं, बहुतेक वेळा स्वस्त असतं, आणि घरातल्या मोठ्यांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. तेच मग बोलू लागतात.

तर हे आमचं वर्ष. तसंच्या तसं उचलू नका, तुमच्या गावचं बनवा.

जानेवारी, भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भाजी. वांगं, गाजर, ओला हरभरा, पावटा, शेंगदाणे, तीळ, बोरं. एका घराने भाजी करायची, बाकीच्यांनी तिळाची चटणी, खिचडी, गुळाची पोळी, आणि तीळ लावलेली बाजरीची कडक भाकरी.

फेब्रुवारी, पोपटी. ही रायगडची. अलिबाग, पेण, रोहा या भागात थंडीत वालाच्या शेंगा येतात तेव्हा करतात. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती वाळका पाला, गवत, काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासाच्या आसपास तयार. जो तो आपला जिन्नस घेऊन येतो आणि सगळं एकाच मडक्यात जातं. याहून खरं पॉटलक कुठलं? इथे जाळ असतो, पण तो मोकळ्यावर आणि त्याच्याभोवती सगळेच असतात. शिवाय शेकोटीशी पुरुषांना आपोआप काम सुचतं.

चैत्र, बिनगॅसचं जेवण. कैरीची डाळ, पन्हं, काकडीची कोशिंबीर, दहीपोहे, कलिंगड. उन्हाळ्यात कुणीच शेगडीपुढे उभं राहत नाही. स्वयंपाक न येणाऱ्यांसाठी हा महिना सोन्याचा.

मे, आंबा. रस एकाच घरी काढायचा, आंबे वर्गणीतून. २० जणांना प्रत्येकी वाटीभर रस म्हणजे साधारण दोन डझन हापूस लागतात.

जून-जुलै, रानभाज्या. पहिल्या पावसानंतर आमच्याकडे स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू, कंटोली घेऊन बसतात. पण सावध! शेवळं नीट केली नाहीत तर घसा प्रचंड खाजतो. त्यात काकडं किंवा चिंच घालतात ती उगाच नाही. ज्याच्या घरी ही भाजी पूर्वीपासून होते त्यानेच ती करावी. यूट्यूब बघून पहिला प्रयोग २० जणांवर नको. आणि विकणाऱ्या मावशींना विचारा कशी करायची ते. इतकं नेमकं सांगतात!

ऑगस्ट, काला. प्रत्येकाने एकच जिन्नस आणायचा. पोहे, लाह्या, दही, डाळिंब, काकडी, लोणचं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. जेवायच्या वेळी कालवायचं, आधी नाही.

सप्टेंबरला सुट्टी. गणपती, गौरी, पाहुणे. सगळे दमलेले असतात. वर्षभर चालवायचं असेल तर एक महिना सोडायलाच हवा.

कोजागिरी. गच्चीवर मसाला दूध. २० कप म्हणजे तीन लिटर, आटणार म्हणून चार लिटर घ्या. जवळच्या घराने आटवून आणायचं, गच्चीवर फक्त ओतायचं. सोबत भेळ.

दिवाळीनंतर, उरलासुरला फराळ. आमची सगळ्यात आवडती थीम. प्रत्येक घरात चिवड्याचा चुरा, कडबोळ्यांचे तुकडे, शेव उरलेली असते. सगळं आणायचं, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर चिरायची आणि वर मटकीची उसळ. मिसळ तयार!

चंपाषष्ठी, भरीत. चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण, वांगी वर्ज्य असतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि वांगं पुन्हा ताटात येतं. खानदेशात तर थंडीत भरीत पार्ट्याच रंगतात. भरीत गार झालं तरी छान लागतं, म्हणून पॉटलकला अगदी योग्य.

आणि ईद? आमच्यातलं एक घर कोकणी मुसलमान आहे. ईदला त्यांच्याकडे पॉटलक नसतं. तिथे हात हलवत जायचं, शीरखुर्मा प्यायचा आणि यायचं. वर्षात एखाद्या घराला नुसतं ‘खाऊ घालायचा’ आनंद घेऊ द्यावा. सगळ्याचाच हिशोब करायचा नसतो.

वाटणी: किती आणि काय

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मी काहीतरी आणते’ चालत नाही. पिन केलेला एक मेसेज असतो. त्यात रकाने ठरलेले: एक भात, दोन भाज्या किंवा उसळी, एक आमटी किंवा कढी, दोन कोशिंबिरी-चटण्या, एक गोड, एक पेय, पोळी किंवा भाकरी विकत. ज्याने आधी नाव टाकलं त्याचं ते.

नवीन ग्रुपची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक जण २० माणसांचं पूर्ण जेवण आणतो. आठ-नऊ पदार्थ असताना माणूस प्रत्येक गोष्ट थोडीथोडीच घेतो. आमचा अंदाज असा, की प्रत्येक पदार्थ हजर माणसांपैकी निम्म्यांना पोटभर होईल इतका. तांदूळ माणशी ५० ग्रॅम, म्हणजे २० जणांना एक किलो. तेवढीच काकडी कोशिंबिरीला.

आणि न शिजवण्याची कामंही यादीत लिहायची. पाणी आणि बर्फ, ताटं, भांडी घासणं, कचरा, लहान मुलांना आधी जेवू घालणं. ही कामं ‘कुणीतरी करेल’ म्हणून सोडली की ती कोण करतं ते तुम्हालाही माहितीये. स्वयंपाक येत नाही असं म्हणणाऱ्याला भांडी. बघा, दोन महिन्यांत त्याला कोशिंबीर यायला लागते.

सुरमईची चिठ्ठी

आता ती दुसरी चूक. दुसऱ्या वर्षी मी ‘मालवणी मासे’ ठेवलं. आणि मजा म्हणून पदार्थांच्या चिठ्ठ्या टाकल्या. एका मित्राला चिठ्ठी आली: तळलेली सुरमई.

त्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला, ताप आहे. पुढच्या महिन्यात पाहुणे. त्याच्या पुढच्या महिन्यात काहीच नाही. आम्ही ग्रुपवर त्याला चिडवत राहिलो, ‘साहेब बिझी’.

मग एकदा फलाटावर गाठ पडली. लोकल उशिरा होती म्हणून बोलणं झालं. त्याची नोकरी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते आणि त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणाला, “अरे, २० जणांची सुरमई म्हणजे माझ्या घरातला आठवड्याचा बाजार. ग्रुपवर काय लिहू? मला जमत नाही, दुसरी चिठ्ठी द्या?”

मला काय बोलावं सुचेना. एकत्र यायला म्हणून जे काढलं होतं त्यानेच त्याला बाहेर ठेवलं. आणि चिठ्ठी माझ्या हातची.

तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. एक, चिठ्ठ्या बंद, ज्याने त्याने आपलं निवडायचं. दोन, प्रत्येक थीममध्ये निदान तीन रकाने अगदी कमी खर्चाचे हवेत: सोलकढी, कोशिंबीर, चटणी, ताक. असे रकाने निघत नसतील तर ती थीमच बाद. तीन, मासे, मटण, आंबे हे वर्गणीतून. वर्गणी एकाकडे खाजगीत द्यायची, कुणी किती दिली हे ग्रुपवर येत नाही. कमी दिली तरी चालते.

पुढच्या वेळी तो आला. दोन बाटल्या सोलकढी घेऊन. सगळ्यात आधी तीच संपली. कुणी काही बोललं नाही, आणि तेच बरं झालं.

थोडं सावधपणाचं

हे कंटाळवाणं आहे पण ऐका. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आणखी कडक आहे, की ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास. म्हणजे आपला एप्रिल-मे त्यातच आला.

सगळ्यात फसवा भात. त्यात बॅसिलस सिरिअस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यातून जे विष तयार होतं ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात नेहमी सगळ्यात जवळ राहणाऱ्या घराने आणायचा, अगदी निघताना शिजवून. उरलेला भात रात्रभर टोपात न ठेवता पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये. जेवायची वेळ साडेआठ म्हणजे साडेआठ. उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून थांबायचं नाही.

सुरुवात कशी कराल?

तीन घरं पुरेत. एक तारीख पक्की ठेवा, आमचा दुसरा शनिवार. पहिली थीम काला ठेवा किंवा भेळ, ज्यात कुणालाच शेगडीपुढे उभं राहावं लागणार नाही. आणि जेवण सुरू व्हायच्या आधी एकदा स्वयंपाकघरात डोकावून बघा. तिथे कुणी उभं असेल तर अजून वाढू नका.

गेल्या महिन्यात पुन्हा आमच्याकडे होतं, भरिताचं. आई भिंतीला टेकून पहिल्या पंगतीत बसली होती आणि सोलापूरच्या मैत्रिणीच्या आईशी शेंगाचटणीवर वाद घालत होती, लसूण किती ते. वाढायला मी होतो. मला दोनदा ओरडा बसला, मीठ आधी वाढायचं असतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी डबे परत करायचे होते. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आईने सगळ्या डब्यांत दोन-दोन तिळाच्या वड्या घातल्या. सोलकढीच्या बाटलीत वडी जाईना, तर म्हणाली, “याला डबाच पाठवा, म्हणजे तो परत द्यायला येईल.”

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरची थीम काय असेल ते मला जरूर कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोपर्यंत खात राहा, खाऊ घालत राहा, आणि हो, भांडी पण घासा!